नोकरी सांभाळून क्लिनिकल पीएचडी: वर्षं नाही, पावसाळे मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमडी मेडिसिन झालेलं आहे, मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापक म्हणून नोकरी आहे, वॉर्ड-ओपीडी-इमर्जन्सी चालूच आहे. सर्पदंशानंतर किडनीला होणाऱ्या इजेवर पीएचडी करायची इच्छा आहे. नोंदणी कुठे होते, किती वर्षं लागतात, विषय पुरेसा आहे का, आणि एवढं करून हाती काय लागतं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथेच निम्मे लोक चुकीच्या अपेक्षेने येतात. क्लिनिकल विषयात पीएचडीमुळे प्रॅक्टिसचा कुठलाही नवा अधिकार मिळत नाही. मेडिसिन किंवा सर्जरीच्या विभागात अध्यापक म्हणून लागणारी पात्रता एमडी, एमएस किंवा डीएनबीच आहे. बढतीला सेवेची वर्षं आणि शोधनिबंध बघतात, पीएचडी मागत नाहीत. किडनीचे डॉक्टर व्हायचं असेल तर वाट नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षांच्या डीएम या सुपरस्पेशालिटी पदवीची आहे. नावापुढे ‘डॉ.’ तर आधीच आहे. आणि संशोधनाला पीएचडी लागतेच असंही नाही. जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचं काम महाडसारख्या ठिकाणी, रुग्ण बघता बघता केलं आणि ते जगभर वाचलं गेलं. तरीही एका प्रश्नाचा पाच वर्षं पाठपुरावा करायचा असेल, सांख्यिकी आणि पद्धतीची शिस्त अंगी बाणवायची असेल, पुढे मोठे प्रकल्प स्वतःच्या नावावर मिळवायचे असतील, तर पीएचडी उपयोगी पडते. या तिन्हींपैकी एकही कारण नसेल तर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोंदणीचं सोपं आहे. १९९८ साली नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ सुरू झालं. घाटी (छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, नांदेड, लातूर ही सगळी सरकारी महाविद्यालयं त्याच विद्यापीठाखाली आहेत, म्हणून क्लिनिकल पीएचडी तिथूनच. छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ किंवा नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ बायोटेक्नॉलॉजी, संख्याशास्त्र, समाजशास्त्र अशा बाजूच्या विषयांत पीएचडी देतं, मेडिसिनमध्ये नाही. एमजीएमसारख्या अभिमत विद्यापीठांची प्रवेशप्रक्रिया त्यांची स्वतंत्र असते. कुठेही जा, तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: तुमच्या विषयासाठी मान्यता असलेलं संशोधन केंद्र, तिथे मान्यताप्राप्त गाइड, आणि त्या गाइडकडे रिकामी जागा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्या अध्यापकाने नवा विद्यार्थी घ्यायचा नाही, असंही त्यात आहे. तेव्हा गाइडना पहिला प्रश्न ‘सर, विषय आवडला का’ हा विचारू नका, ‘निवृत्ती कधी आहे’ हा विचारा. सरकारी नोकरीत दुसरा प्रश्न बदलीचा. अंबाजोगाईत नोंदणी झाली आणि वर्षभरात गाइड नांदेडला गेले, हे नेहमीचं आहे. दुसऱ्या विभागातला को-गाइड पहिल्या दिवसापासून कागदावर असला की अशा वेळी काम अडत नाही.

यूजीसीच्या त्याच नियमांत कालावधी किमान ३ आणि कमाल ६ वर्षं आहे, कोर्सवर्क धरून. पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षं मिळू शकतात, महिलांना त्याखेरीज २ वर्षांची सवलत आहे. कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिटचं. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे (आरएसी) प्रगती मांडायची. पार्ट-टाइम करता येते, पण नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. सरकारी महाविद्यालयात ते अधिष्ठात्यांमार्फत वर जातं आणि वेळ खातं, म्हणून पेटची (पीएचडी प्रवेश परीक्षेची) जाहिरात यायची वाट न बघता अर्ज आधीच टाका. त्या त्या वर्षीची विद्यापीठाची अधिसूचना अंतिम. मागच्या वर्षीच्या सीनियरचा फॉर्म बघून भरला म्हणून अर्ज बाद होणारे दरवर्षी असतात. प्रवेश परीक्षेत साधारण निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीचे असतात. क्लिनिकलचे लोक विषयात पास होऊन तिथे अडकतात. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा बीसीबीआर हा संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्स तुम्ही एमडीला किंवा अध्यापक म्हणून केलेलाच असेल. तो ‘क्लिक करून’ पास झाला असाल तर आता नीट ऐका. पेटच्या तयारीला तो बराच पुरतो.

आता विषय. सर्पदंश आणि किडनी हा मराठवाड्यातून करण्याजोगा उत्तम विषय आहे. रुग्ण आपल्याकडे आहेत, प्रश्न खरा आहे, आणि केंद्र सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढून २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचं ठरवल्यामुळे हे काम कुणीतरी वाचेलही. पण ‘सर्पदंशाच्या रुग्णांतील तीव्र मूत्रपिंड इजेचा अभ्यास’ एवढंच मांडलंत तर तो एमडीचा प्रबंध झाला. एमडीचा प्रबंध फुगवून, १०० चे ४०० रुग्ण करून पीएचडी होत नाही. आरएसीत पहिला आक्षेप नेमका हाच येतो. पीएचडीला एका धाग्यात ओवलेले दोन-तीन प्रश्न हवेत, आणि आधीच्याचं उत्तर पुढच्याला लागलं पाहिजे. उदाहरणार्थ: विषबाधा झालेल्यांपैकी कुणाची किडनी बिघडते आणि पहिल्या २४ तासांतल्या कुठल्या गोष्टींवरून ते ओळखता येतं, बिघडलेल्यांपैकी किती जणांची ९० दिवसांनी पूर्ववत झालेली नसते, आणि दंशापासून पहिल्या अँटिव्हेनमपर्यंत उशीर नक्की कुठे होतो, गावात, प्राथमिक आरोग्य केंद्रात की रेफर करताना. यातून तीन शोधनिबंध निघतात आणि थिसिसची तीन प्रकरणंही.

यातला दुसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, आणि पीएचडी बुडते ती त्याच्यावरच. कारण साधं आहे. आपल्याकडे साप चावतात पावसाळ्यात, साधारण जून ते ऑक्टोबर. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरती झालेल्या रुग्णाचे ९० दिवस नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भरतात. तोवर बीड, धाराशिव, परभणी, जालन्याच्या कित्येक गावांतली घरं कुलूपबंद असतात. ऊसतोडीची उचल घेतलेली जोडपी मुकादमाच्या टोळीबरोबर सातारा, सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात फडावर. परत यायला मार्च-एप्रिल. म्हणजे ज्याची किडनी बघायची तोच माणूस नेमका त्या दिवशी तुमच्यापासून तीन-चारशे किलोमीटरवर ऊस तोडतोय. पुण्यामुंबईत बसून लिहिलेल्या प्रोटोकॉलमध्ये ‘रुग्णाला ९० व्या दिवशी ओपीडीत बोलावले जाईल’ हे वाक्य चालून जातं. इथे त्या एका वाक्याने अभ्यास मोडतो.

आणि हे नुसतं संख्येचं नुकसान नाही. फॉलोअपला न येणारे आणि येणारे सारखे नसतात. फडावर गेलेला माणूस उन्हात दिवसाचे दहा-बारा तास राबतो, पाणी कमी पितो, दुखलं की मेडिकलवरून वेदनाशामक गोळी घेतो. किडनी न सुधारण्याची शक्यता त्याच्यातच जास्त. घरी शेती असलेला, ओपीडीत वेळेवर येणारा रुग्ण तुलनेने बरा असतो. फक्त आलेल्यांवरून आकडा काढलात तर किडनी आहे त्यापेक्षा चांगली दिसेल, आणि तुमचा निष्कर्ष ज्यांना सगळ्यात जास्त धोका आहे त्यांच्यासाठीच चुकेल.

यावर उपाय आहेत, पण ते भरतीच्या दिवशी करायचे असतात. केस रेकॉर्ड फॉर्मवर एकच मोबाइल नंबर ठेवू नका. रुग्णाचा, जोडीदाराचा, गावात राहणाऱ्या म्हाताऱ्या आईवडिलांचा किंवा भावाचा, आशाताईंचा, आणि तोडणीला जाणार असतील तर मुकादमाचा, असे पाच घ्या. डिस्चार्जच्या आधी प्रत्येक नंबर तिथेच लावून बघा. मुकादमाला फोन करायला रुग्णाची वेगळी संमती हवी आणि त्याला आजाराबद्दल काहीही सांगायचं नाही, फक्त निरोप द्यायचा. कारण ‘याची किडनी गेली’ असं कळलं तर त्या कोयत्याची (तोडणीच्या जोडप्याची) पुढची उचल धोक्यात येते. ‘यंदा कारखाना कुठला’ हा प्रश्नही फॉर्ममध्ये असू द्या. मग कारखान्याजवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत रक्त घेण्याची सोय लावता येते. ९० व्या दिवसाऐवजी ८० ते १२० दिवस अशी खिडकी प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहा. जूनमध्ये भरती झालेल्यांचे ९० दिवस दसऱ्याच्या आधी भरतात, त्यांना एकही सोडू नका. एसटीचं भाडं आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी द्या. एथिक्स कमिटी खर्चाची भरपाई मान्य करते. आमिष वाटेल एवढी रक्कम मात्र नको.

बाहेर रक्त घेतलं की पुढचा सापळा क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढणाऱ्या घटकाचा. केडीगो या आंतरराष्ट्रीय किडनी मार्गदर्शक संस्थेच्या व्याख्येत ४८ तासांत क्रिएटिनिनमध्ये डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमची वाढ, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट, किंवा सहा तास लघवी ताशी किलोमागे अर्ध्या मिलिलिटरहून कमी, यातलं काहीही झालं की तीव्र इजा. एका लॅबमध्ये जाफे पद्धत आणि दुसरीत एन्झायमॅटिक असेल, कॅलिब्रेशन वेगळं असेल, तर ०.३ एवढा फरक निव्वळ यंत्रामुळे पडू शकतो. जाफे पद्धतीत बिलिरुबिन वाढलेलं असलं की क्रिएटिनिन कमी दिसतं, आणि घोणस-फुरश्याच्या विषबाधेत रक्त फुटून बिलिरुबिन वाढलेले रुग्ण तुमच्याकडे असणारच. म्हणून सगळ्या केंद्रांचे नमुने एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने. रक्त अर्धा तास गोठू द्या, सेंट्रिफ्यूज करा, सीरम तीन छोट्या ट्यूबमध्ये वाटा. एक आत्ताच्या तपासणीला, दोन उणे ८० अंशांच्या डीप फ्रीजमध्ये. एकाच ट्यूबला पुन्हा पुन्हा वितळवून गोठवलं की बायोमार्कर (इजेची खूण दाखवणारे रक्तातले घटक) बिघडतात. लाइट किती वेळ जाते आणि त्या डीप फ्रीजला जनरेटरची लाइन जोडलेली आहे का, हे इलेक्ट्रिशियनला विचारून घ्या, विभागप्रमुखांना नाही. तापमानाची नोंदवही रोज दोनदा, रविवारीसुद्धा.

बायोमार्कर घेणारच असाल तर ते मोजणाऱ्या एलायझा किटचं गणित आधी करा. प्लेटवर ९६ खाचा असतात. सात स्टँडर्ड आणि एक ब्लँक, प्रत्येकी दोनदा, यात १६ गेल्या. उरलेल्या ८० मध्ये दोनदा तपासायचे तर ४० रुग्ण बसतात. २२० रुग्णांच्या एका वेळच्या नमुन्याला सहा प्लेट, दोन वेळच्या नमुन्यांना अकरा. सगळ्या एकाच लॉटच्या मागवा. निम्म्या यंदाच्या बजेटमधून आणि निम्म्या पुढच्या वर्षी घेतल्यात तर लॉटमधला फरक रुग्णांतला फरक म्हणून तुमच्या निकालात येऊन बसेल.

मूळ क्रिएटिनिन हा आणखी एक घोळ. पस्तिशीतल्या शेतमजुराने आयुष्यात कधी रक्त तपासलेलं नसतं. मग ‘मूळच्या दीडपट’ कशाच्या? भरतीतलं किंवा फॉलोअपमधलं सगळ्यात कमी मूल्य धरता येतं, नाहीतर आधीचा ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) ७५ होता असं गृहीत धरून उलट गणित करता येतं. उलट गणितात ज्याची किडनी आधीच अधू होती तो सर्पदंशाच्या खात्यावर जातो. कुठलीही पद्धत निवडा, पण ती प्रोटोकॉलमध्ये आधी लिहा आणि दुसऱ्या पद्धतीने निकाल बदलतो का तेही दाखवा. बाहेरचा परीक्षक हे नक्की विचारतो.

वॉर्डातली एक तपासणी जवळून बघू, कारण सगळा डेटा तिच्यावर उभा आहे: २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. नवी, स्वच्छ, कोरडी काचेची टेस्ट ट्यूब. त्यात शिरेतलं ताजं २ मिलिलिटर रक्त. ट्यूब न हलवता २० मिनिटं ठेवायची, मग एकदाच तिरकी करायची. रक्त पातळच राहून वाहिलं तर चाचणी पॉझिटिव्ह. दिसायला पोरखेळ, पण काचेचा पृष्ठभागच गोठण्याची क्रिया सुरू करतो. ट्यूब प्लास्टिकची असेल किंवा डिटर्जंटने धुऊन पुन्हा वापरलेली असेल तर निरोगी माणसाचंही रक्त गोठत नाही. मग विष न भिनलेला रुग्ण तुमच्या अभ्यासात ‘विषबाधित’ म्हणून शिरतो आणि विनाकारण अँटिव्हेनमही घेतो. इंटर्न दर पाच मिनिटांनी उचलून बघत असेल तरी निकाल बिघडतो. अभ्यासासाठी काचेच्या ट्यूबचा स्वतंत्र डबा ठेवा, वर घड्याळ लावा आणि प्रत्येक नव्या ट्यूब-बॅचवर एखाद्या निरोगी स्वयंसेवकाचं रक्त लावून बघा. ते २० मिनिटांत गोठलं नाही तर बॅच परत.

‘दंशाची वेळ’ हा रकानाही असाच फसवा आहे. विचारलं की ‘रात्री आठ-नऊ’ असं गोल उत्तर येतं. घड्याळाऐवजी घटना विचारा: शेतीची लाइट आल्यावर पाणी द्यायला गेला होता का, जेवणाच्या आधी की नंतर, शेवटची एसटी गेली होती का. रुग्णाबरोबर आणि सोबत आलेल्याबरोबर वेगवेगळं बोला. दोघांत तासाभराचा फरक आला तर दोन्ही नोंदवा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून आलेल्याची रेफर चिठ्ठी आल्या आल्या मोबाइलवर टिपून घ्या, कारण सकाळपर्यंत ती नातेवाइकांच्या पिशवीत जाते आणि मग तिथे किती व्हायल दिल्या हे कुणालाच सांगता येत नाही. तिथे १० आणि तुमच्याकडे १० दिल्या असतील आणि फॉर्मवर १० च लागल्या, तर ‘जास्त अँटिव्हेनम घेणाऱ्यांची किडनी कशी राहते’ हे सांगण्याचा अधिकार तुम्ही गमावला. सापाच्या जातीबद्दलही तोल सांभाळा. मेलेला साप किंवा फोटो जाणकाराने बघितला असेल तरच ‘घोणस’ लिहा, नाहीतर ‘रक्तस्रावी विषबाधा, जात अनिश्चित’.

किती रुग्ण लागतील? समजा तीव्र इजा झालेल्यांपैकी ३० टक्क्यांची किडनी ९० दिवसांनीही पूर्ववत होत नाही असा अंदाज आहे, आणि हा आकडा ±७ टक्क्यांच्या अचूकतेने काढायचा आहे. सूत्राने १.९६ चा वर्ग गुणिले ०.३ गुणिले ०.७ भागिले ०.०७ चा वर्ग, म्हणजे १६५. चारातला एक फॉलोअपला सुटेल असं धरलं तर २२०. हे २२० इजा झालेले रुग्ण आहेत. विषबाधा झालेल्या पाचांतल्या एकाला इजा होते असं मानलं तर ११०० विषबाधित रुग्ण लागतील. आता तुमच्या एमआरडीत (वैद्यकीय नोंदी विभागात) जा. वर्षाला विषबाधित १५० येत असतील तर इजा झालेले ३०, आणि २२० जमायला सात वर्षांच्या वर. सहा वर्षांच्या नोंदणीत हे बसत नाही. मग एक तर अचूकता ±१० करा, रुग्ण ८१, सुटणारे धरून १०८, म्हणजे एका केंद्रावर चार पावसाळे. नाहीतर अंबाजोगाई, लातूर, नांदेड अशी तीन महाविद्यालयं जोडा आणि तीन पावसाळ्यांत २२० गाठा. माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे. त्रास जास्त आहे, पण एका वॉर्डाच्या सवयी निकालात उतरत नाहीत. तिन्ही ठिकाणी ज्याच्यावर भिस्त ठेवता येईल असा एक माणूस हवा आणि शोधनिबंधावर नावं कुणाची, कुठल्या क्रमाने, हे पहिल्या रुग्णाच्या आधी लेखी ठरलेलं हवं.

एमआरडीतला आकडा काढताना रजिस्टरमधले सगळे ‘सर्पदंश’ मोजू नका. त्यात बिनविषारी आणि कोरडे (विष न भिनलेले) दंश भरपूर असतात. मागच्या दोन वर्षांचे केस पेपर काढून अँटिव्हेनम दिलेले, दोन वेळा क्रिएटिनिन झालेले, आणि मोबाइल नंबर असलेले अशा तीन चाळण्यांतून मोजा. हे नोंदणीच्या आधी करायचं काम आहे. तुमचे सगळे निर्णय या एका आकड्यावर ठरतात, आणि हा आकडा हातात नसताना लिहिलेला सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

वर्षं मोजण्याऐवजी पावसाळे मोजायचे ते यासाठीच. एथिक्स कमिटीची मंजुरी ऑगस्टमध्ये आली तर तो पावसाळा गेला आणि नोंदणीचं वर्ष मात्र चालू राहिलं. मंजुरी मे अखेर हातात हवी. कमिटीच्या बैठका बऱ्याच ठिकाणी दोन-तीन महिन्यांतून एकदा होतात, पहिल्या बैठकीत शंका निघतातच, म्हणून अर्ज डिसेंबर-जानेवारीत गेला पाहिजे. तीन महाविद्यालयं असतील तर तीन कमिट्या. २०१९ च्या नियमांनुसार वैद्यकीय संशोधन तपासणारी कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली असावी लागते. नोंदणीची मुदत संपलेली नाही ना, हे सचिवांना विचारून घ्या. तुमच्या अभ्यासात औषधाचा प्रयोग नसला तरी सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंद करून टाका. प्रयोग असेल तर पर्यायच नाही, आणि १ एप्रिल २०१८ पासून ही नोंद पहिला रुग्ण घेण्याच्या आधीच व्हावी लागते.

संमतीपत्र मराठीत, हिंदीत आणि उर्दूत हवं. देगलूर-उदगीर-उमरग्याच्या बाजूचे रुग्ण असतील तर तेलुगू किंवा कन्नड वाचणारेही निघतील, आणि तांड्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला गोरमाटीत (बंजारा बोलीत) समजावणारा कुणीतरी लागेल. भाषांतर एकाने करायचं, उलट भाषांतर दुसऱ्याने. ‘वृक्क’, ‘यादृच्छिक’ असले शब्द असलेलं संमतीपत्र कमिटी पास करते आणि रुग्ण नुसता अंगठा देतो. ‘किडनी’ लिहा. अंगठा असेल तिथे अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो, वॉर्डातली सिस्टर चालत नाही. रुग्ण झापड आलेला असेल तर नातेवाइकाची संमती घ्या आणि शुद्धीवर आल्यावर रुग्णाची पुन्हा. आणखी एक गोष्ट इथलीच: सर्पदंशात मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मदत मिळते, त्यामुळे घरचे कागदांसाठी तुमच्याकडे येणार. ते कागद आणि अभ्यासातला सहभाग यांचा काडीचाही संबंध नाही, हे संमतीपत्रातच लिहा. ‘डॉक्टरांच्या अभ्यासाला हो म्हटलं तर दाखला लवकर मिळतो’ अशी समजूत वॉर्डात पसरायला एक दिवस पुरतो.

डेटा एक्सेलमध्ये भरू नका. ०७/०८ हे ७ ऑगस्ट की ८ जुलै, हे दोन संगणकांवर दोन तऱ्हेनं वाचलं जातं, आणि तुमचा सगळा अभ्यास तारखांवर आहे. कोबो टूलबॉक्ससारखं डेटा भरण्याचं साधन वापरा. तारीख, क्रिएटिनिनच्या मर्यादा आणि सक्तीचे रकाने त्यात बांधता येतात. पहिल्या २० रुग्णांनंतर थांबून डेटा तपासा. सगळे दोष तिथेच दिसतात. विश्लेषणाचा आराखडा डेटा बघण्याआधी पीएसएम (जनऔषधवैद्यक) विभागातल्या संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसून लिहा, शेवटच्या महिन्यात पेन ड्राइव्ह घेऊन जाऊ नका. मृत्यूला ‘फॉलोअप सुटला’ म्हणू नका. मृत्यू, डायलिसिस चालू असणं आणि किडनी न सुधारणं मिळून एकत्र निष्पत्ती धरली तर हा घोळ टळतो. सुटलेल्यांचं वय, काम, जिल्हा, डिस्चार्जचं क्रिएटिनिन आलेल्यांच्या शेजारी मांडा आणि सगळे सुटलेले बरे झाले असते तर काय, सगळे बिघडले असते तर काय, अशी दोन्ही टोकं दाखवा.

लिखाणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. निरीक्षणात्मक अभ्यासात काय काय लिहायचं याची स्ट्रोब ही यादी समोर ठेवा, संदर्भ सांभाळणारं झोटेरो पहिल्या दिवसापासून वापरा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. पद्धतीच्या प्रकरणात स्वतःच्याच छापलेल्या निबंधातून उचललेले परिच्छेद हे सगळ्यात जास्त अडकवतात. २०२२ च्या यूजीसी नियमांतून थिसिसपूर्वी शोधनिबंधाची सक्ती गेली असली तरी पहिला निबंध दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाठवाच. समीक्षकाचे आक्षेप व्हायव्हात ऐकण्यापेक्षा तेव्हा आलेले बरे.

सही केलेली संमतीपत्रं आणि मूळ फॉर्म गाइडच्या केबिनमधल्या उघड्या कपाटात ठेवू नका. बदली झाली की ते कपाट पहिलं रिकामं होतं. कुलूपाचं लोखंडी कपाट, त्यावर विभागाच्या नोंदवहीत लिहिलेला क्रमांक, एक किल्ली तुमच्याकडे आणि एक विभागात. थिसिस सादर झाल्यावरही निदान पाच वर्षं.